रेड लाइनच्या वर दीड फूट: कोल्हापुरातल्या एका घराचं प्रकरण

माझ्या मामांचं घर कोल्हापुरात जयंती नाल्याच्या अंगाला आहे, मागच्या भिंतीपासून नाला शंभर पावलं पण नाही. मी स्वतः सिव्हिलचा, गेली चौदा वर्षं साइटवरच असतो, त्यामुळं २०२१ च्या महापुरानंतर जुनं घर पाडून नवीन बांधायचं ठरलं तेव्हा कागद गोळा करण्यापासून कॉलम उभे राहीपर्यंत सगळं माझ्याकडंच आलं. पूररेषेतलं बांधकाम म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात, परवानगी मिळते का आणि जोतं किती उंच घ्यायचं. या एका घरावरनं मला जे कळलं ते तिसरंच आहे. ती उंची कशावर घेतली, मुरमावर घेतली की कॉलमवर, यावर शेजारच्या घराचं काय होणार ते ठरतं. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी जागा समजून घ्या. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांचं पाणी प्रयाग चिखलीजवळ एक होतं आणि तिथनं पुढं पंचगंगा म्हणायचं, पाचवी सरस्वती गुप्त आहे असं मानतात. नदी शहराला वळसा घालून कसबा बावड्याला राजाराम बंधाऱ्यावरनं पुढं जाते. जयंती नाला शहराच्या पोटातनं वाहत येऊन तिला मिळतो. नदी फुगली की नाल्याच्या पाण्याला जायला वाटच राहत नाही, तो उलटा फिरतो, म्हणजे आमच्याकडं पूर नदीच्या बाजूनं समोरनं चालत येत नाही, मागच्या दारानं येतो. आधी गटारीतनं बुडबुडे, मग संडासाच्या भांड्यातनं घाण पाणी वर, मग परसातलं पाणी, आणि मग घरात.

पावसाळ्यात कोल्हापुरात माणसं एकमेकाला भेटली की पहिला प्रश्न असतो राजाराम बंधारा किती फूट. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. आमच्या मामींचा हिशोब अजून साधा, सुतारवाड्यातली माणसं चित्रदुर्ग मठात हलवली की आपण फ्रिज उचलायचा. हा हिशोब बरीच वर्षं चालला. २००५ ला घरात पाणी आलं पण ते जोत्याच्या वर थोडंच होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मात्र पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं आणि मामांच्या सोप्यात सव्वातीन फुटाच्या वर उभं राहिलं, शहराला पाणी देणारे पंपच बुडाले, सगळीकडं पाणी आणि प्यायला टँकर. मग दोन वर्षं पण पूर्ण झाली नव्हती, २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा, आणि या वेळी २०१९ च्या खुणेच्या वर सात-आठ इंच. मामांनी दोन्ही वेळा पाणी ओसरल्यावर भिंतीवर जिथं चिखलाची रेघ उमटली होती तिथं खिळ्यानं ओरखडा काढून शेजारी तारीख लिहून ठेवली होती. तो ओरखडा पुढं आम्हाला फार कामाला आला.

लोक सहज म्हणतात, अहो मग विका की तिथनं आणि जावा वर कुठंतरी. मी पण म्हणालो होतो. पण दोन पूर बघितलेल्या गल्लीत गिऱ्हाईक येतं ते पडेल भावाला मागायला येतं, त्या पैशात उपनगरात वन बीएचके पण बसत नाही, आणि मामांचं पिठाच्या गिरणीचं गिऱ्हाईक सगळं त्याच दोन गल्ल्यांतलं. चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला जागा दिल्या, तरी गावं पूर्णपणे हललेली नाहीत कारण शेत खाली, जनावरं खाली. माणूस पूर विसरतो म्हणून तिथं राहतो असं नाही, त्याचं पोट तिथं असतं. त्यामुळं माझ्यापुरता प्रश्न असा उरला की राहायचंच आहे तर नीट कसं राहायचं.

प्लॉट दोन गुंठे, म्हणजे २,१७८ स्क्वेअर फूट. प्रॉपर्टी कार्ड मामांच्या नावावर, जुन्या घराची परवानगी होती, हे आमचं नशीब. पलीकडच्या रांगेत सगळं गुंठेवारीचं आहे, तिथं लोकांना कर्जसुद्धा धड मिळत नाही. नकाशावर पूररेषा टाकून बघितल्या तर दिसलं की प्लॉटचा मागचा पाचवा हिस्सा, साधारण ४३० स्क्वेअर फूट, ब्लू लाइनच्या आत आहे आणि बाकी सगळा ब्लू आणि रेडच्या मध्ये.

इथं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतनं एकदा येणारा पूर किंवा नदीपात्राच्या क्षमतेच्या दीडपट विसर्ग, यातलं जे जास्त असेल ते पाणी जिथपर्यंत पसरतं ती हद्द. लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतनं एकदा येईल एवढा मोठा पूर. पात्रापासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल नियंत्रित क्षेत्र. हे पाटबंधारे खात्याच्या १९८९ च्या परिपत्रकापासून चालत आलेलं आहे. डिसेंबर २०२० पासून राज्यात बहुतेक ठिकाणी जी एकत्रित नियमावली लागू झाली, ज्याला आम्ही सगळे युडीसीपीआर म्हणतो, तिच्यात याचं स्वतंत्र कलम आहे. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकाम नाही, पार्किंग, बाग, उघडी भाजी मंडई, स्मशानभूमी असले वापर चालतात. तिथं आधीपासून परवानगीचं घर असेल तर त्याचा पुनर्विकास करता येतो पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर पाहिजे. निळी आणि लाल यांच्या मध्ये बांधायला मिळतं, तिथंही तीच अट, लाल पातळीच्या वर ०.४५ मीटर. म्हणजे दीड फूट. शिवाय प्लॉटचा जो तुकडा निळ्या रेषेत जातो त्याचा एफएसआय, म्हणजे त्या तुकड्यावर जेवढं बांधता आलं असतं तो हक्क, उरलेल्या जागेवर वापरता येतो, त्यामुळं मागचे ४३० फूट मोकळे सोडून आमचं बांधकामाचं काही नुकसान झालं नाही. ही तरतूद मला मनापासून आवडली. मालकाला जागा मोकळी सोडायला लावायची तर त्याच्या हातात काहीतरी पडलं पाहिजे.

मामांना ‘शंभर वर्षांतनं एकदा’ हे काही केल्या पटेना. “अरे दोन वर्षांत दोनदा आलं की, शंभर वर्षांचं काय सांगतोस!” त्यांचं चुकत नव्हतं, शब्दच फसवा आहे. तो पूर दर वर्षी यायची शक्यता शंभरात एक, एवढाच त्याचा अर्थ. यंदा आला म्हणून पुढची ९९ वर्षं सुट्टी असं काही नाही. मी त्यांना कर्जाच्या भाषेत सांगितलं. तीस वर्षांचं होम लोन काढलं तर हप्ते फिटेपर्यंत लाल रेषेचा पूर एकदा तरी यायची शक्यता शंभरात सव्वीस. निळ्या रेषेचा यायची शक्यता शंभरात सत्तर. आणि हे सगळं जुन्या पावसाच्या आकड्यांवर, आता पाऊस जसा कोसळतोय तो धरला तर त्याहून जास्तच म्हणायचं. सत्तर ऐकल्यावर मामांनी मागच्या बाजूला गिरणीसाठी शेड टाकायचा विषय स्वतःहून सोडला.

मग लेव्हल. आर्किटेक्टच्या नकाशावर लाल रेषेची पातळी आकड्यात होती, पण तो आकडा आमच्या अंगणात नेमका कुठं येतो ते कळल्याशिवाय काही अर्थ नाही. एका रविवारी सकाळी मी ऑटो लेव्हल, म्हणजे उंची मोजायचं यंत्र, आणि स्टाफ, म्हणजे मापाची उंच पट्टी, घेऊन गेलो, मामांचा नातू स्टाफ धरायला. बेंचमार्कवरनं, म्हणजे उंची आधीच माहीत असलेल्या खुणेवरनं, लेव्हल ओढत गल्लीत आणली, तीन ठिकाणी यंत्र हलवावं लागलं. पुढच्या अंगणाची जमीन लाल पातळीच्या १.९० मीटर खाली निघाली, सव्वासहा फूट. जुनं जोतं दोन फुटाचं, त्याच्यावर घरात २०२१ चं पाणी चार फूट, म्हणजे मामांचा ओरखडा जमिनीपासून सहा फुटावर. नकाशावरची लाल रेषा आणि भिंतीवरचा खिळ्याचा ओरखडा यात फरक फक्त तीन इंच! मामा चष्मा लावून बराच वेळ त्या भिंतीकडं बघत राहिले. तोपर्यंत ती रेषा म्हणजे ऑफिसात बसून कोणीतरी मारलेली रेघ असं त्यांचं ठाम मत होतं. त्या दिवसानंतर त्यांनी दीड फुटावरनं कधी वाद घातला नाही.

१.९० अधिक ०.४५, म्हणजे जोतं जमिनीपासून २.३५ मीटर, पावणेआठ फुटाला थोडं कमी. आणि इथंच खरा प्रश्न उभा राहिला.

पहिला जो कॉन्ट्रॅक्टर बघून गेला तो म्हणाला काही अवघड नाही, चारी बाजूनं भिंत घ्यायची आणि भरायचं. सगळा प्लॉट, मागच्या निळ्या तुकड्यासकट, “एकदा लेव्हल मारली की बिनघोर.” गल्लीत अजून दोघांनी तसंच केलं होतं त्यामुळं मामांनाही ते सरळ वाटलं. मी तिथंच वहीत गणित मांडलं. २,१७८ स्क्वेअर फूट गुणिले ७.७ फूट, १६८ ब्रास भराव (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), चार ब्रासचा डंपर धरला तर ४२ खेपा. पुराचं पाणी लाल पातळीपर्यंत चढलं तर भरावाचा खालचा १.९० मीटरचा भाग पाण्याखाली, त्यानं जेवढी जागा व्यापली तेवढं पाणी दुसरीकडं जाणार, ते होतं पावणेचार लाख लिटरच्या वर.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर पावणेचार लाख लिटर म्हणजे पंचगंगेच्या महापुरापुढं काहीच नाही, एका प्लॉटच्या भरावानं राजाराम बंधाऱ्याचा काटा केसभर पण हलणार नाही. विरोध करणारे कधी कधी हे ताणून सांगतात आणि मग समोरचा माणूस सगळंच उडवून लावतो. पण आमच्या रांगेत अशी तीस घरं आहेत. तिसांनी भरलं तर एक कोटीच्या वर, सव्वा कोटीला थोडी कमी एवढ्या लिटरची जागा नाल्याच्या काठाची गेली, आणि असे काठ शहरात आणि शहराबाहेर किती आहेत ते रिंग रोडनं एक चक्कर मारली की दिसतं. ही झाली एक गोष्ट.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचत होती, आणि ती महापुराची नव्हेच, साध्या जूनच्या पावसाची आहे. आमच्या डाव्या हाताला तात्यांचं घर, कौलारू, आमच्यापेक्षा फूटभर खाली. गल्लीचं पाणी वर्षानुवर्षं त्यांच्या अंगणातनं, आमच्या परसातनं मागं नाल्याला उतरतं. कुठली गटार नाही, जमिनीचा उतारच तसा आहे. आम्ही पावणेआठ फुटाची भिंत घालून भरलं असतं तर तात्यांचं अंगण म्हणजे हौद झाला असता. पलीकडच्या भरावामुळं एक बाजू त्यांची आधीच बंद झाली होती. नदी इशारा पातळीच्या खाली असताना सुद्धा तासाभराच्या वळवाला त्यांच्या चुलीपर्यंत पाणी आलं असतं, आणि त्यांनी कुणाकडं जायचं? कागदावर आमचं सगळं बरोबर असतं.

मी आर्किटेक्टला कलम पुन्हा वाचायला लावलं. लाल पातळी, ०.४५ मीटर, निषिद्ध, नियंत्रित, सगळं होतं. ती उंची कशानं गाठायची, याबद्दल आम्हाला त्या कलमात एक शब्द सापडला नाही. म्हणजे मामांचं घर वाचवायची सोय नियमात आहे. तात्यांच्या घराची कुठं आहे?

मामांना मी गणितानं पटवू शकलो नाही हे कबूल करतो. पटवलं मामींनी. त्या एवढंच म्हणाल्या की २०१९ ला रात्री अडीचला दार वाजवून आपल्याला उठवलं ते तात्यांनी. विषय तिथं संपला.

मग स्टिल्ट. खाली नुसते कॉलम, कुठंही भिंत नाही, पाणी येईल आणि जाईल. स्लॅब २.३५ ऐवजी थोडा अजून वर घेतला म्हणजे बीमखाली डोकं न वाकवता गाडी लागते आणि पार्किंगचाही प्रश्न मिटतो. काळी माती खोलवर असल्यामुळं फाउंडेशन खाली मुरमापर्यंत नेलं, आणि जमिनीलगत सगळे कॉलम प्लिंथ बीमनं बांधून घेतले, पण बीमचा माथा जमिनीच्या बरोबर ठेवला, वर येऊ दिला नाही, नाहीतर तोच बांध होतो. नाल्याकडच्या बाजूचे दोन कॉलम जास्त रुंद घेतले कारण पूर ओसरताना पाण्याबरोबर ओंडके, पिंपं, एकदा तर अख्खी टपरी वाहत आलेली आम्ही बघितली आहे, त्याचा धक्का कॉलमला बसतो. सळयांवरचं काँक्रीटचं कव्हर सगळीकडं नेहमीपेक्षा वाढवून घेतलं, आठ-आठ दिवस घाण पाण्यात उभं राहणारं काँक्रीट आहे ते.

या कामात लोक विसरतात त्या गोष्टी बारक्या असतात. लाइटचा मीटर आम्ही जिन्याच्या पहिल्या लँडिंगच्या वर घेतला, लाल पातळीच्या वर. बोअरची केसिंग पाइप वर काढून झाकण घातलं. जमिनीतली पाण्याची टाकी रद्दच केली, वर सिंटेक्स. ड्रेनेजच्या लाइनीवर पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला, बाजारात हजारभर ठिकाणी फिरल्यासारखं फिरावं लागलं कारण दुकानदार म्हणायचे हा कोण बसवतो. तोच व्हॉल्व्ह नसला तर घर उंच असलं तरी पुरात घाण पाणी ड्रेनेजच्या लाइनीतनं उलटं मागं येतं. कंपाउंडची भिंत मागच्या बाजूला बांधलीच नाही, जाळी लावली. मागच्या निळ्या तुकड्यात मामींनी केळी आणि एक शेवगा लावलाय.

खर्चाचं सांगायचं तर कॉन्ट्रॅक्टरनं भरावाचा आकडा सांगितला तो स्वस्त दिसत होता, पण त्यात भराव धरून ठेवणाऱ्या चारी बाजूच्या रिटेनिंग वॉलचा खर्च धरलेलाच नव्हता, तो धरल्यावर आणि वरनं पार्किंग वेगळं करावं लागलं असतं ते धरल्यावर फरक फार उरला नाही. खरी किंमत पडली ती मामींच्या गुडघ्यांना. सोळा पायऱ्या. जुन्या घरात अंगणातनं थेट सोप्यात, येता जाता कुणी पण टेकायचं, पान खायचं, आता वर यायचं म्हटलं की म्हातारी माणसं खालनंच हाक मारून जातात. रॅम्प करायचा म्हटलं तर एवढ्या उंचीला दोन गुंठ्यात बसत नाही. हा तोटा मी आधी नीट धरला नव्हता. नंतर स्टिल्टमध्ये एक दगडी कट्टा करून दिला आणि जुन्या घराचा झोपाळा खाली टांगला, दुपारची बैठक आता तिथं असते.

परवानगीला एकूण आठ महिने गेले. त्यातले पाच नुसते पूररेषेचा दाखला एका टेबलावरनं दुसऱ्या टेबलावर जाण्यात. या पाच महिन्यांत गल्लीतल्या एकानं कुठल्याच कागदाच्या नादी न लागता दोन रात्रींत भराव टाकून घेतला. जो माणूस नियमानं जातो त्याला आठ महिने आणि जो जात नाही त्याला दोन रात्री, हे गणित बदलल्याशिवाय कितीही चांगलं कलम लिहा, काठावर मुरूमच पडणार. माझं म्हणणं असं की पूररेषेतल्या अर्जाबरोबर जमिनीच्या आहे त्या लेव्हल घ्याव्यात, चारी कोपऱ्यांच्या, फोटोसकट, आणि भोगवटा प्रमाणपत्र देताना त्याच कोपऱ्यांना पुन्हा स्टाफ लावावा. आमच्या जोत्याची उंची तपासायला माणूस आला, टेप लावली, बरोबर आहे म्हणाला. खाली काय आहे ते त्यानं विचारलं नाही, विचारायला त्याच्या फॉर्ममध्ये रकानाच नव्हता.

घर २०२३ ला झालं. २०२४ च्या जुलैमध्ये पंचगंगेनं धोका पातळी ओलांडली तेव्हा नाला उलटा फिरला, मागं केळीच्या पलीकडं पाणी येऊन थांबलं आणि तिथनंच उतरलं, त्यामुळं घराची खरी परीक्षा अजून झालेली नाही. तात्यांच्या अंगणातलं पाणी मात्र त्या पावसाळ्यात आमच्या कॉलममधनं जसं पहिल्यापासनं जायचं तसं गेलं, मी छत्री घेऊन उभा राहून बघितलं, घोट्याएवढं, लाल, सरळ मागं.

जुनी भिंत पाडायच्या आधी मी दोन्ही ओरखड्यांच्या लेव्हल घेऊन ठेवल्या होत्या. त्या आता पुढच्या कॉलमवर ऑइल पेंटनं मारल्यात, २०१९, २०२१ आणि त्यांच्या वर तीन इंचावर लाल पट्टा. गेल्या महिन्यात एक जण स्टिल्ट गोडाऊनसाठी भाड्यानं मागायला आला होता, शटर तोच बसवून देतो म्हणाला, भाडंही चांगलं सांगत होता. मामांनी त्याला त्या कॉलमजवळ नेऊन उभा केला. लाल पट्टा त्याच्या डोक्याच्या वर होता.